शुगर डोळ्यांनी पाहिली!

भेटेल त्याला मी सध्या दंड दाखवत सुटले आहे. भाजीवाल्या ताईंना दाखवला, सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना दाखवला, वडिलांना मधुमेह आहे असं बोलता बोलता सांगणाऱ्या रिक्षावाल्या दादांना सिग्नलला थांबल्या थांबल्या दाखवला. बाही जरा वर सरकवायची, दंडाच्या मागच्या बाजूला चिकटलेली पांढरी चकती दाखवायची, फोन तिच्याजवळ न्यायचा आणि म्हणायचं, “हे बघा, या घडीला माझी शुगर १२४ आहे आणि बाण आडवा आहे. म्हणजे चढतही नाही, उतरतही नाही!” बोटाला सुई टोचलेली नाही, रक्ताचा थेंब काढलेला नाही, लॅबच्या बाकावर जाऊन बसलेली नाही. आणि आकड्याबरोबर मागच्या आठ तासांची अख्खी रेघ! सकाळचा चहा कुठे, पोहे कुठे, जिना चढले तो कुठे, दुपारी डोळा लागला तो कुठे, सगळं त्या रेघेवर बोट ठेवून सांगता येतं.

ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आपली सगळी मदार दोन आकड्यांवर. एक उपाशीपोटीचा, एक जेवणानंतर दोन तासांनी. लॅबचा मुलगा सकाळी सातला बेल वाजवतो, दंडाला रबर बांधतो, जेवण झालं की पुन्हा येतो, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. म्हणजे एसटी स्वारगेटला दिसली आणि एकदम महाडला दिसली. मधे वरंध्याच्या घाटात ती कुठे अडली, कुठल्या वळणावर दरीच्या काठाला गेली, ते कुणालाच ठाऊक नाही. इतकी वर्षं माझी शुगर याच दोन थांब्यांवर भेटत होती. आता मी गाडीत बसले आहे!

तुम्ही म्हणाल, तीन महिन्यांची ती एचबीएवनसी असते की. असते, आणि ती करायलाच हवी. लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज ती देते. ७ टक्के आली म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४. पण सरासरी ती सरासरीच. एका माणसाची शुगर दिवसभर ११० ते १९० मध्ये राहते, दुसऱ्याची रात्री ५५ ला बुडते आणि जेवणानंतर २८० ला जाते, आणि दोघांचा रिपोर्ट सातच! एकाला पेढे द्यावेत आणि दुसऱ्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं, इतका फरक, आणि कागदावर तो शून्य. माझ्या बाबतीत नेमकं हेच कोडं होतं. जेवणानंतरचा आकडा बरा, उपाशीपोटीचा वाढलेला, एचबीएवनसी दोन्हींशी न जुळणारी. आमचे डॉक्टर म्हणाले, “अंदाज बांधत बसण्यापेक्षा चौदा दिवस बघूनच टाकू.”

ही चकती, म्हणजे शुगर सतत मोजणारा सेन्सर, लावण्याचा प्रकार तर मिनिटभराचा. दंडाला स्पिरिटचा बोळा फिरवला, कातडी सुकू दिली, मुठीत मावेल एवढं प्लास्टिकचं यंत्र त्यावर टेकवलं आणि दाबलं. खट्. मी डोळे मिटून दुखायची वाट बघत राहिले आणि डॉक्टर म्हणाले, झालं. यंत्र उचललं तेव्हा सुई त्याच्याबरोबर परत गेली होती. कातडीखाली राहिला होता एक मऊ तंतू, पाच मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. वर चकती, पस्तीस मिलिमीटर रुंद. तिला पट्टी नाही, वायर नाही. आंघोळ चालते, पोहणंही चालतं. तासभर ती स्वतःला तयार करते आणि मग पहिला आकडा येतो. माझा आला १४१. शेजारी बाण वर. अर्धा कप चहा नुकताच झाला होता!

हे चालतं कसं, ते डॉक्टरांकडून समजून घेतल्याशिवाय मी उठलेच नाही. तो तंतू रक्तवाहिनीत जात नाही. आपल्या पेशींच्या मधल्या फटींत जे पाणी असतं, त्यात तो बुडालेला असतो. रक्तातली साखर केशवाहिन्यांतून झिरपून या पाण्यात येते. तंतूच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं आहे. साखरेचा कण त्याला भेटला की रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह निघतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. चकती तो प्रवाह मोजते, त्याचा आकडा करते आणि फोनला सांगते. साखर झिरपायला वेळ लागतो, म्हणून हा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने बदलत असेल तर थोडा अधिक. एवढंच! माझ्या दंडात बसून एक एन्झाइम रात्रंदिवस साखरेचे कण हुंगतं आहे, आणि त्यातून निघालेली वीज माझ्या हातातल्या फोनवर रेघ होऊन उमटते आहे. मला तर अंगावर काटा आला.

आणि ही कल्पना किती जुनी! लेलँड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञाने अलाबामा विद्यापीठात काम करताना १९६२ मध्ये, चॅम्प लायन्स या सहकाऱ्याबरोबर, एन्झाइम बसवलेल्या विद्युत्-अग्राची ही कल्पना मांडली. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि हे सेन्सर दोन्ही तिथून निघालेल्या वाटेवरचे. सतत मोजणारा पहिला सेन्सर अमेरिकेत मंजूर झाला तो १९९९ मध्ये. तो तीन दिवस लावायचा, आणि त्यातली माहिती रुग्णाला दिसायचीच नाही; नंतर डॉक्टर ती काढून बघायचे. मग हळूहळू रुग्णाला आकडे दिसू लागले, पण दिवसातून दोनदा बोट टोचून सेन्सरला त्याचा हिशेब जुळवून द्यावा लागे. २०१४ मध्ये युरोपात अॅबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिबर आला आणि तो हिशेब कारखान्यातच जुळवून येऊ लागला. दंडाला लावा आणि विसरा.

आमच्या सासूबाईंनी हे सगळं ऐकलं आणि त्या एकदम जुन्या काळात गेल्या. मामंजींना मधुमेह होता. सकाळी न्हाणीघराशेजारी स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, त्यात निळं बेनेडिक्टचं द्रावण आणि लघवीचे मोजून आठ थेंब. नळी चिमट्यात धरून तापवायची आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर देव पावला, हिरवा म्हणजे थोडी साखर, पिवळा म्हणजे जास्त, विटकरी म्हणजे घरात दिवसभर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. साधारणपणे रक्तातली शुगर १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत साखर उतरतच नाही, आणि कमी झालेली शुगर तर त्या नळीत दिसायची सोयच नाही. मामंजींना घाम फुटायचा, हातपाय कापायचे, ते चिडचिडे व्हायचे, आणि नळी निळीच. सासूबाई माझ्या फोनवरची रेघ कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “अगं, हे तेव्हा असतं तर त्यांना किती सोपं गेलं असतं.”

आता जेवणाचं सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे.

पहिल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे कांदेपोहे खाल्ले, एक बशी, आणि बिनसाखरेचा चहा. सुरुवातीला ११८. अर्ध्या तासाने १६०, तासाने २१३! दोन तासांनी १५०. लॅबच्या मुलाने माझं रक्त नेमकं या दीडशेच्या घडीला नेलं असतं आणि रिपोर्ट उत्तम आला असता. मधला डोंगर त्याला दिसलाच नसता. दुसऱ्या दिवशी पोहे तेवढेच ठेवले, पण आधी वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ खाल्ली आणि पोह्यांत शेंगदाणे हात सैल सोडून घातले. शिखर १७४ ला थांबलं. तेच पोहे, तीच बशी, तीच मी!

मग मला नादच लागला. आपल्याकडे पान वाढलं की सुरुवात वरणभात-तुपाने. उपाशी पोटात पहिला घास भाताचा. मी पान उलटं जेवायला लागले: आधी काकडीची कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, मग पोळी, शेवटी चार घास भात, ताकाबरोबर. पदार्थ तेच, माप तेच, फक्त क्रम बदलला, आणि रेघेचा सुळका जाऊन तिथे एक बसकी टेकडी आली. डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, यावर संशोधन झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनमध्ये अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, एकदा कोंबडी आणि भाज्या आधी. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा तासाभराने मोजलेली शुगर ३७ टक्क्यांनी कमी होती. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अभ्यास छोटा होता, पण माझ्या पानात तो मी रोज पाहते आहे.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात तंतू नाहीत, प्रथिनं नाहीत. शुगर २४८ ला गेली, आणि तूप-दाण्यामुळे ती लवकर खालीही येईना. दुपारचे चार वाजले तरी दोनशेच्या वरच. उपासाच्या नावाखाली दिवसभर एवढी साखर रक्तात फिरत राहते, हे डोळ्यांनी बघितल्यावर मी ठरवून टाकलं: पुढच्या उपासाला भगर थोडी आणि दाण्याची आमटी भरपूर. ज्वारीच्या भाकरीबद्दलही सांगायलाच हवं. भाकरी खाल्ली की शुगर वाढतच नाही, असं आपल्याकडे छातीठोक सांगतात. वाढते. एका भाकरीला बेताची वाढते, तीन खाल्ल्या तर चांगलीच वाढते. भाकरी चांगलीच आहे, पण माप तिलाही लागतं.

पण या सगळ्यावर कडी केली ती चालण्याने! रात्री जेवण झालं, बाण सरळ वर, १७८. पायात चपला अडकवल्या आणि सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला लागले. पंधरा मिनिटांनी फोन दंडाशी नेला: १७१, बाण आडवा. आणखी दहा मिनिटं: १५२, बाण खाली. गोळी नाही, इंजेक्शन नाही, माझे पाय! स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर आपणहून ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पण बाण आडवा होताना बघणं वेगळं. त्या दिवसापासून आमचे हेसुद्धा, ज्यांना मधुमेह नाही, जेवण झालं की माझ्याआधी दारात उभे असतात.

चालण्याचं आपल्याला विशेष महत्त्व का, त्याचं उत्तर तर आमच्या पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली भारतीय घडण. मी स्वतः अंगाने बारीक. “तुला कसा झाला गं मधुमेह?” हे मी प्रत्येक लग्नकार्यात ऐकते. साखर ओढून घेणारे स्नायूच कमी असतील तर भाताची वाटी जड जाणारच, आणि जेवणानंतर जे आहेत त्या स्नायूंना कामाला लावणं हा त्यावरचा फुकटातला उपाय.

उपाशीपोटीच्या वाढलेल्या आकड्याचं कोडंही त्या रेघेनेच सोडवलं. रात्री आठनंतर पोटात काही नाही, तरी पहाटे चारपासून रेघ हळूहळू चढते, सहा वाजता १४५. जागं व्हायची तयारी म्हणून शरीर पहाटे कॉर्टिसोल आणि वाढीची संप्रेरकं सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि निरोगी माणसाचं इन्शुलिन ती लगेच आवरतं, आपलं आवरत नाही. डॉक्टर याला डॉन फिनॉमिनन म्हणतात. मला रात्री अर्धपोटी झोपायचं कारणच नव्हतं!

आणि मग ती रात्र. पहाटे तीनला फोन ओरडायला लागला. या सेन्सरला अलार्म आहे, ७० च्या खाली गेली की वाजतो. बघते तर ५९, बाण खाली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर तिथलं पाणी दाबलं जातं आणि आकडा खोटा खाली दिसतो; म्हणून आधी कूस बदल आणि बोट टोचून बघ. टोचलं. ग्लुकोमीटरवर ६१. खरी होती! गाऊन पाठीला चिकटला होता, छाती धडधडत होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले, पुन्हा पाहिलं: ८८, बाण वर. मागच्या रात्रींचा आलेख काढला तर त्याच सुमारास रेघ आणखीही एकदा सत्तरच्या काठापर्यंत उतरून आलेली. सकाळी उठल्यावर डोकं जड, स्वप्नं भयंकर, अंग मोडून आलेलं, याला मी वयाचं लक्षण मानत आले होते. आलेख बघून डॉक्टरांनी रात्रीची ग्लिमेपिराइडची गोळी कमी केली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आता रेघ रात्रभर ९५ ते ११५ मध्ये शांत जाते आणि मी सकाळी ताजीतवानी उठते. हा एक फायदा झाला असता आणि बाकी काहीच झालं नसतं, तरी मी हा लेख लिहिला असता.

या सेन्सरमुळे डॉक्टरांशी बोलण्याची भाषाच बदलली. आता ते विचारतात, टप्प्यात किती वेळ? ७० ते १८० हा टप्पा. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवलं की बहुतेक मधुमेहींनी दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ या टप्प्यात असावं, म्हणजे जवळजवळ सतरा तास, आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तासभराच्या आत. सासूबाईंसारख्या ऐंशी पार केलेल्या माणसांना निम्मा वेळ टप्प्यात असला तरी पुरतं, पण खाली जाणं मात्र एक टक्क्याच्या आत हवं, कारण त्या वयात शुगर उतरून चक्कर आली, पडून खुब्याचं हाड मोडलं, की घर बसतं. किती माणुसकीचा हिशेब आहे हा! शंभर गुण कुणालाच मागितलेले नाहीत. आजचे साठ टक्के पुढच्या आठवड्यात पासष्ट झाले, की झाली प्रगती.

माझ्या पानाची नक्कल मात्र करू नका. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एरान सेगल आणि एरान एलिनाव यांनी आठशे माणसांना आठवडाभर असे सेन्सर लावले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. एकच पदार्थ, पण एकाची शुगर उसळते तर दुसऱ्याची जागची हलत नाही! आतड्यातले जंतू, झोप, व्यायाम, सगळ्यांचा त्यात हात. माझ्या मैत्रिणीला केळं जड जातं, मला बटाटा. तुमचं तुमच्या रेघेला विचारा.

आतापर्यंत मी टाइप २ बद्दल बोलले. ज्यांचं स्वादुपिंड इन्शुलिन बनवतच नाही, त्या टाइप १ च्या मुलांसाठी तर ही चकती म्हणजे जीव. आमच्याच इमारतीत आठवीतली एक मुलगी आहे. दिवसाला चार इंजेक्शनं, बोटांची टोकं टोचून टोचून कडक झालेली. तिची आई कित्येक रात्री दोनला उठून झोपेतल्या लेकीचं बोट टोचायची. आता मुलगी शाळेत असते आणि आईच्या फोनवर लेकीचा आकडा असतो. आईने मला सांगितलं, “काकू, ती सहलीला गेली आणि मी पहिल्यांदा रात्री झोपले.” दूरवरून मुलाचा आकडा बघायची ही सोय आधी कंपन्यांनी दिलेली नव्हती, एका बापाने ती घडवली. न्यूयॉर्क राज्यातले जॉन कॉस्टिक नावाचे इंजिनिअर. चार वर्षांच्या मुलाला टाइप १ झाला. सेन्सरचा आकडा मुलाजवळच्या यंत्रावर दिसायचा, बापाला ऑफिसात दिसायचा नाही. त्यांनी २०१३ मध्ये स्वतः प्रोग्रॅम लिहून तो इंटरनेटवर चढवला. इतर आईबाप जोडले गेले, नाइटस्काउट नावाने ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आणि आता तर सेन्सरचा आकडा वाचून इन्शुलिनचा पंप आपला आपण मात्रा कमी-जास्त करतो. असा पहिला पंप अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला.

काही गोष्टी जाणकारांकडून ऐकलेल्या, त्या सांगून ठेवते. पहिल्या दिवशी आकडे जरा इकडेतिकडे होतात, त्यावर जाऊ नका. काही सेन्सरांत व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो, काहींत पॅरासिटामॉलने. आपल्या सेन्सरचं डॉक्टरांना विचारून घ्या. अंगात लक्षणं एक आणि फोनवर आकडा दुसराच, असं झालं तर बोट टोचून बघा. गोळीची किंवा इन्शुलिनची मात्रा रेघ बघून स्वतःच्या मनाने बदलू नका. आणि सारखा सारखा फोन बघून जीव घाबरा होत असेल, तसाही स्वभाव असतो, तर अलार्म तेवढे ठेवून फोन बाजूला ठेवा.

पैशाचं बोलायलाच हवं. एक सेन्सर चौदा दिवस चालतो आणि त्याला चार-पाच हजार रुपये पडतात. माझ्यासारख्या गोळ्यांवरच्या माणसाला तो कायम लावायची गरज नाही. वर्षातून एकदा-दोनदा लावला, आपलं पान, आपली रात्र आणि आपले पाय समजून घेतले, की पुढचे महिने ते शहाणपण कामी येतं. भिशीच्या एका हप्त्यात ते बसतं. पण त्या आठवीतल्या मुलीला तो बारा महिने लागतो. तिचे वडील खाजगी नोकरीत आहेत, दर पंधरवड्याला हा खर्च येतो, आणि एखाद्या महिन्यात ती माउली पुन्हा रात्री दोनचा गजर लावते. ब्रिटनमध्ये २०२२ मध्येच राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी शिफारस झाली की टाइप १ च्या प्रत्येक रुग्णाला सतत मोजणारा सेन्सर द्यावा. आपल्या देशात मधुमेही किती? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे दहा कोटींहून जास्त. सगळ्यांना उद्या सेन्सर द्या असं मी म्हणत नाही. टाइप १ च्या मुलांपासून सुरुवात करा, एवढं मी म्हणते, आणि ज्यांच्या हातात हे आहे त्या प्रत्येकाला पत्र लिहून म्हणणार आहे.

तोवर तुम्ही एक करा. घरात मधुमेह असेल, विशेषतः कुणी इन्शुलिनवर असेल किंवा रात्री घाम फुटून उठत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, “एकदा सेन्सर लावून बघायचा का?” लावलात तर पहिले तीन-चार दिवस जेवण अजिबात बदलू नका, नेहमीचंच जेवा, आणि काय, किती, किती वाजता खाल्लं ते वहीत लिहून ठेवा. वही आणि आलेख शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांसमोर बसा. आणि टाइप १ असलेलं एखादं मूल तुमच्या ओळखीत असेल आणि परवडत असेल, तर त्याच्या वाढदिवसाला एक सेन्सर द्या.